भोंगा कोण्या खुंटीले बांधावा

लाउडस्पीकरवाल्या पोट्ट्याचा लेख आहे म्हटल्यावर तुमी काय समजले, ते मले माहीत आहे. आता हा मोठमोठ्या पुढाऱ्यायच्या सभा सांगन. कोण माइकवर शिंकला, कोणाचं धोतर माइकच्या दांडीत अडकलं, कोण्या लग्नात नवरी निघताना भलतंच गाणं लागलं. संपादकसाहेबायनंही मले हेच सांगतलं. म्हणे, पोपट, तू नकला करणारा माणूस, दिवाळीचा अंक आहे, लोकं फराळ करता करता वाचतीन, त्याईले हसव. मी हो म्हटलं. खोटं बोललो. मले हसवायचं नाई. माह्या डोक्यात कित्येक वर्षांपासून एक संताप बसून आहे, तो मी आज तुमच्या चिवड्यात कालवून राहिलो. ज्याले चालत नसन त्यानं पान उलटावं, पुढं कविता आहेत.

माहं नाव पोपट नाई. पण अमरावतीले राजापेठेत विचारलं तं खरं नाव कोणालेच सांगता येणार नाई, माह्या बापालेही थोडा विचार करावा लागन. शाळेत असताना हेडमास्तरच्या आवाजात 'सुट्टी' म्हणून वराडलो आणि शिपायानं खरंच घंटा देली, तवापासून मी पोपट. बाप देवळात पुजारी. त्याच्या आवाजात आरती म्हटली तं देवालेही फरक कळत नव्हता. मॅट्रिक झालो, दोन-चार ठिकाणी अर्ज केले, कोणी विचारलं नाई, आणि शेवटी राजापेठेतल्या एका लाउडस्पीकरच्या दुकानात चिकटलो. दुकानाचं नाव सांगत नाई. मालकाले आमी शेठजी म्हणत होतो, इथंही तेवढंच.

शेठजीले आधी फक्त माहा गळा पायजे होता. टांग्यात बसायचं, पुढं भोंगा, आणि गावभर सिनेमाची जाहिरात करत फिरायचं. नंतर त्यानं मले मशीनही शिकवलं, कारण खेड्यावर दोन माणसं धाडण्यापरीस एक धाडलेला बरा.

माणसं मी तऱ्हेतऱ्हेची पायली. अकोल्याच्या एका वकिलानं पोरीच्या लग्नात चारही भोंगे व्याह्याच्या बिऱ्हाडाकडं तोंड करून लावायले सांगतले. म्हणे, मानपानात त्याईनं मले रडवलं, आता मी त्याईले झोपू देत नाई. कौंडण्यपूरच्या जत्रेत हरवलेल्या माणसायचे पुकारे करायले बसलो होतो, तं एक म्हातारी आली आणि म्हणाली, माहा म्हातारा हरवला, नाव पुकार. नाव तिनं नातवाकडून सांगवलं. मी पुकारलं. म्हातारा समोरच बसून चिलीम ओढून राहिला होता. मी म्हटलं, आजी, हे तं इथंच आहेत. ती म्हणे, "मले दिसते रे बाप्पा. जन्मात त्याचं नाव घेतलं नाई मी. तू घे जोरानं, मले आयकू दे."

पण मले या गोष्टी सांगायच्या नाईत. मले खुंटी सांगायची आहे. आणि खुंटी समजायची असन तं आधी मशीन समजावं लागन. दोन मिनिटं करंजी बाजूले ठेवा.

तवा खेड्यात वीज कुठली आली? आमी मोटारीची बॅटरी घेऊन जात होतो. आता गंमत अशी, का बॅटरीची वीज सरळमार्गी. एकाच दिशेनं वाहते, हू का चू करत नाई. आणि मशीनच्या आतल्या काचेच्या दिव्यायले लागते तीनशे व्होल्टाचा खुराक, बॅटरी देते बारा. वाढवणारा ट्रान्सफॉर्मर असते, पण त्याले सरळ वीज चालत नाई. त्याले पायजे इकडून तिकडं हेलकावे खाणारी. म्हणून मधात एक डबी बसवतात, व्हायब्रेटर. तिच्यात पोलादाची एक पातळ पट्टी. ती सेकंदाले शंभरेक वेळा थरथरते आणि सरळ विजेले उलटीपालटी करते. तिचा आवाज मले अजूनही काढता येते. संपादकसाहेबायले छापता येत नाई, मी काय करू.

इथपर्यंत झाली वीज तयार. आता ती भोंग्यात गेली पायजे. मशीनच्या पाठीमागं पितळेच्या खुंट्या असतात, त्याईवर आकडे. चार, आठ, सोळा. भोंगे किती आणि कसे जोडले, ते पाहून त्या मानाच्या खुंटीले तार बांधायची. आमचा एकेक भोंगा सोळाचा; माळेत ओवले तं आकडा वाढत जाते, शेजारीशेजारी जोडले तं उतरते. चुकीच्या खुंटीले बांधली तरी दिवा लागते, व्हायब्रेटर गुणगुणते, भोंगा बोलतेही. पण ताकद आतल्या आत कोंडून राहते.

काहून, ते मोटीवरून समजा. विहिरीवर बैल तोच, नाडा तोच. मागं वाटी बांधली तं बैल धावतच सुटते, पण पाणी येते वाटीभर. मागं हौद बांधला तं बैल गुडघे टेकते, पाणी येते शून्य. बैलाच्या खांद्याचा अंदाज घेऊन मोट बांधली तं पाट भरून वाहते. आणि हा अंदाज एकदा घेऊन भागत नाई. दुपारून बैल थकला का मोट हलकी करा. बॅटरीचंही तसंच, उन्हात तापली, उतरली, का कान देऊन पुन्हा जोखा. माहं सारं शिक्षण एवढंच आहे.

परवा पेपरात वाचलं का उन्हापासून वीज करणाऱ्या पट्ट्या निघाल्या, उपग्रहावर बसवतात म्हणे. मी आता अकोल्याचा; म्हटलं, आमच्या इथं काहून नाई बसवत? मे महिन्यात या म्हणा, उपग्रहापरीस जास्त ऊन देतो. पण मले आधी खुंटीच आठवली. ती वीजही सरळमार्गी, म्हणजे तिथंही उलटीपालटी करणारी डबी लागन. आणि तिथंही मोटीचाच न्याय लागन. हलकं लटकवलं तं वाटी, भारी लटकवलं तं उन्हाची पट्टीच दमून बसली. ढग आला का अंदाज बदलला, ढग गेला का पुन्हा बदलला. मधात कोणीतरी सारखं जोखत बसलं तरच त्या उन्हातली पुरी ताकद निघन. उपग्रहावर त्याईनं कोण पोपट बसवला, त्याईलेच माहीत.

आता ज्यासाठी बसलो ते.

मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं पुढं गेलं का एक गाव लागते. तिथं सुखदेवकाका राहत होते. दवंडी द्यायचं काम त्याईच्या घरात बापआज्यापासून. गावची रीत अशी, का दवंडी झाली म्हणजे गावाले कळलं. नाई झाली तं कळलं नाई, मंग तुमी घरोघर जाऊन कानात सांगतलं असलं तरी. काकायनं नागपूरले दीक्षा घेतली आणि घरी येऊन डफडं खाली ठेवलं. दवंडी बंद, मेलेलं ढोर ओढणं बंद, सारी गावकी बंद. पाटलाच्या ओट्यापुढं जाऊन तसं सांगतलंही. पाटील बरं म्हणाला. महिना गेला नाई तं बैल मेला म्हणून बोलावणं. काका म्हणाले, मी तं सांगतलं होतं. पाटील म्हणाला, कोणाले सांगतलं? दवंडी झाली का? गावाले तं काही ठाऊक नाई. आणि तू येत नसशीन तं पोराले धाड.

पोरगं मूर्तिजापूरले हायस्कुलात शिकत होतं. दर वेळेले त्याच्या नावानं बोलावणं. एकदा तं पाटलाचा माणूस शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. पोरगं म्हणू लागलं, मी शाळेतच जात नाई. सुखदेवकाकाचं सारं घोडं तिथं अडलं होतं. गावाले एकदा जाहीर कळलं पायजे, नाई तं पोराची शाळा सुटते.

म्हणून ते दुकानात आले. शेठजीनं त्याईले पायरीखालीच उभं ठेवलं. मी म्हटलं, काका, एवढं एकच सांगायचं आहे तं भोंगा कशाले? त्याईनं माह्याकडं पायलं.

"दवंडी दिल्याबिगर गाव मानत नाई. मंग डफडं हातात घिऊन सांगू का, का मी डफडं हातात घेनार नाई?"

शेठजी गोड बोलला. पौर्णिमेचा दिवस ठरला. मले बरं वाटलं. म्हटलं, शेठजीच्या पोटात कुठंतरी माणूस आहे.

निघायच्या दिवशी दुकानात गेलो तं पेटी तयार. शेठजीनं स्वतः भरली होती. जो माणूस टेबलावरची धूळ पुसायले मले हाक मारत होता, त्यानं चार भोंग्यायची तार स्वतः जोडली, जोडावर कापडी पट्ट्या गुंडाळल्या, तारेची टोकं खुंटीले बांधली आणि वर लाख ओतली. म्हणे, नवा ट्रान्सफॉर्मर आहे, खुंट्यायले हात लावजो नको. जशी बांधून देली तशी लाव. मी म्हटलं, बरं. बॅटरी मांडीशी धरून छोट्या गाडीत बसलो.

गावाबाहेर बौद्धवाडा. ऊन कलतं झालं होतं. शेणानं सारवलेलं पटांगण, बाया पांढरी लुगडी नेसून बसलेल्या, पोट्ट्यायचे भांग पाडलेले. कडूनिंबावर भोंगे चढवले, मशीन खाली मांडलं. माह्याजवळ एक गृहस्थ येऊन बसला, उपरणं, पानाची चंची. पाटलाचा दिवाणजी. मी म्हटलं, चला, गावाचा माणूस आला, चांगलं झालं.

सुखदेवकाका उभे राहिले. दवंडीचा गळा त्याईचा, पण त्या दिवशी पयल्या शब्दालेच फाटला. म्हणाले, आजवर मी तुमच्या गोष्टी तुमाले सांगत फिरलो, आज माही सांगतो. आणि सांगतलं. दवंडी नाई, ढोर नाई, माह्या पोराले बोलावणं धाडू नका. त्याईची बाई पदर तोंडाशी घेऊन बसली होती. पोट्टं उभं राहिलं होतं. पटांगणातल्या माणसायनं सारं आयकलं.

आणि भोंगा? भोंगा डासासारखा कुनकुन करून राहिला होता. मी आवाज वाढवायची मूठ पुरी फिरवली. तेवढंच. बॅटरी पायली, ताजी. व्हायब्रेटर सुरात. दिवे लाल. वर टेकाडावर पाटलाच्या ओट्यावर माणसं बसली होती, त्याईच्यातले दोघं कानामागं हात धरून 'काय म्हन्ते? काय म्हन्ते?' करून दाखवून राहिले होते. अख्खा ओटा हसून राहिला होता. इकडं काकायचं बोलणं संपलं, ते घाम पुसत खाली बसले.

मी तारेवरून हात फिरवत गेलो. जोडावरच्या कापडी पट्ट्या सोडल्या. आणि माह्या डोक्यात आग गेली. चारही भोंगे एकाच्या शेपटीले दुसऱ्याचं तोंड असे एका माळेत ओवलेले, आणि ती माळ बांधलेली चार नंबरच्या खुंटीले. ज्याले हे काम येते तो झोपेतही असं जोडत नाई. बैलाच्या मागं वाटी बांधून देली होती. मुद्दाम. वरून लाख.

दिवाणजीनं माहा हात धरला. तोंडात पान होतं, आवाज मोठा नव्हता.

"बसून राह्य पोपट. पाटलाचं अन् तुह्या शेठचं बोलनं झालं आहे. भोंगा लावला ना तुनं? वाजला ना? मंग झालं."

मी आजवर लय शिव्या खाल्ल्या, लय जणायचा राग आला आणि गेला. हा राग गेला नाई. शेठजीनं नाई म्हटलं असतं तं मी समजलो असतो, जग कसं आहे ते मलेही दिसते. त्यानं हो म्हटलं. भोंगा देला, बॅटरी देली, माणूस देला, आणि आवाज तेवढा काढून घेतला. उद्या कोणी विचारलं तं सभाही झाली, भोंगाही होता, आता गावाले आयकू नाई गेलं तं कोणाचा दोष? ज्या हुन्नरानं एका माणसाचं बोलणं कोसभर नेता येते, त्याच हुन्नरानं ते माणसाच्या दातामागं कोंडताही येते, आणि कोंडणाऱ्याच्या हाताले डागही लागत नाई. मले आजही शेठजीपरीस त्या लाखेचा जास्त राग येते. किती निगुतीनं ओतली होती.

दिवाणजी बॅटरीच्या तारेवर पाय देऊन बसला होता. पाटलाच्या घरच्या लग्नात मी भोंगा लावला होता, पाटलाचा घोगरा आवाज माह्या गळ्यात होताच. मी पाणी पिऊन येतो म्हणून ओट्याच्या दिशेच्या कुडामागं गेलो आणि तिथून पाटलाच्या आवाजात म्हटलं, "दिवाणजी, इकडं या जरा." एवढंच. दिवाणजी चंची विसरून वर पळाला. उपरणं मागं लोंबत होतं.

तेवढा वेळ मले पुरला. बटण बंद केलं. लाख पकडीनं फोडली. झाडावर चढलो. पटांगणाकडं तोंड केलेले दोन भोंगे सोडूनच टाकले, म्हटलं समोरच्यायले भोंगा कशाले, त्याईले तं माणूसच आयकू येते. उरलेले दोन गावाकडं फिरवले, पाटलाच्या ओट्यावर नेम धरून. दोघायच्या तारा शेजारीशेजारी जोडल्या, माळेत नाई, आणि आठच्या खुंटीले आवळल्या. बैलाच्या मापाची मोट. खाली उतरून बटण लावलं, माइकवर नुसतं बोट ठेवलं, तं वरच्या वाड्यातली कबुतरं उडाली.

मी काकाजवळ गेलो. "काका, पुन्हा म्हणा. पयल्यापासून."

त्याईच्या हातात पाण्याचा गिलास होता. तो बाईच्या हातात देला आणि उठले. सारं पुन्हा म्हटलं, शब्दाले शब्द. या वेळेले गळा फाटला नाई. खणखणीत दवंडी. तो आवाज शेतावरून गेला, वेशीतून गेला, देवळाच्या भिंतीले लागून परत आला. बॅटरी अर्ध्यात थोडी बसली, मी कान देऊन बसलोच होतो, मूठ मागंपुढं करून सांभाळली. ओट्यावरच्या दोघायनं कानामागचे हात खाली घेतले. पाटील उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं. दार लावलं म्हणजे आयकू गेलं.

त्यानंतर पोराले बोलावणं आलं नाई. गावाले कळलं होतं, आता कोणत्या तोंडानं नाई म्हणतीन?

दुसऱ्या दिवशी शेठजीनं मले दुकानात उभं करून जे सोलून काढलं, त्यानं आजूबाजूची दुकानं थांबली. लाख काहून फोडली, गिऱ्हाईक तोडलं, पाटलाच्या घरची चार लग्नं गेली, पुजाऱ्याच्या घरात जन्मून कोणासाठी झाडावर चढला. मी म्हटलं, शेठजी, चारची खुंटी तुमी चुकून बांधली का जाणून, तेवढं सांगा. त्यानं स्क्रू पिळायचा पेचकस फेकून मारला. नेम त्याचा खुंटीसारखाच, भलतीकडं. नोकरी गेली. बाहेर पानठेल्यावर मी शेठजीचं सारं भाषण त्याच्याच आवाजात पुन्हा म्हणून दाखवलं, राजापेठेले फुकटात करमणूक झाली. घरी बापानं बौद्धवाड्यातलं पाणी प्यायलो म्हणून आंघोळ सांगतली. मी म्हटलं, आंघोळ शेठजीले सांगा. त्याच्यावर बाप जे बोलला ते देवळासमोर राहणाऱ्या माणसानं बोलू नये.

या दोन्ही बोलण्यायचं मले काही वाटलं नाई. खरं सांगतो, आतून मी फुगलोच होतो. अकोल्याले दुसऱ्या दुकानात लागलो. सहा-आठ महिन्यानं मूर्तिजापूर स्टेशनवर गाडी बदलत होतो, तं चहाच्या ठेल्यापाशी सुखदेवकाका दिसले. पोराले भेटायले आले होते, पोरगं शाळेत पहिल्या पाचात होतं. मी जवळ गेलो. मले वाटलं, आता पाठीवर हात पडते. काकायनं मले बसवलं, चहा सांगतला, नोकरी गेली का विचारलं. मी छाती काढून हो म्हटलं. मंग काका बोलू लागले, ते चहा थंडा होईपर्यंत थांबले नाईत.

"माहा बाप डफडं शेकून, वाजवून पायल्याबिगर उंबऱ्याबाहेर पाय टाकत नवता. मीही नाई टाकला कधी. पाऊस असो, ताप असो. अन् तू माहं एवढं मोठं काम घिऊन आला, अन् भोंगा वाजवून नाई पायला? मालकानं बांधून देला म्हून तसाच आनला? तुह्या मालकावर तुले एवढा भरोसा होता, तं मंग राग कशाचा आला तुले? मी पयल्यांदा बोललो ते माह्या पोटातून आलं होतं, बापू. ते गावानं नाई आयकलं. दुसऱ्यांदा मी आपलीच नक्कल केली, तुह्यासारखी. गावापाशी जे पोचलं ते नक्कलच आहे. अन् हसून काय राहिला? पी तो चहा."